टॅबवर सेन्सर जोडला, पण आकडे येईनात किंवा पटेनात: वर्गातल्या नेहमीच्या अडचणी कशा सोडवायच्या

पाचवी ते आठवीच्या वर्गात टॅब आणि सेन्सर घेऊन प्रयोग करणाऱ्या शिक्षकांकडून दोन तक्रारी पुन्हा पुन्हा येतात. पहिली, "काल चालत होतं, आज काहीच दिसत नाही." दुसरी, "सहा गटांचे सहा वेगळे आकडे आले, खरा कोणता धरायचा?" दोन्ही वेळा पहिला संशय सेन्सरवरच जातो. मग सेन्सर बदलतात, ॲप काढून पुन्हा टाकतात, टॅब बंद करून चालू करतात, आणि तेवढ्यात तास संपतो. पुढच्या आठवड्यात तीच अडचण पुन्हा हजर.

ती परत येते, कारण मूळ कारण कुणी शोधलेलंच नसतं. सेन्सर खरोखर मेला असं क्वचित होतं. बहुतेक वेळा गोंधळ असतो तो टॅबच्या सेटिंगमध्ये, जोडणीत, किंवा सेन्सर जिथे ठेवला त्या जागेत. आणि प्रत्येक गोंधळाची एक ठरलेली खूण असते. ८५ हा आकडा एक गोष्ट सांगतो, उणे १२७ दुसरी, आणि ग्राफवरची सरळ आडवी रेघ तिसरीच. या खुणा मुलांना ओळखता आल्या तर निम्म्या अडचणी तीच सोडवतात, आणि तेही आवडीने.

इथे मी जे साहित्य धरून लिहिते आहे ते असं: टॅबमधले सेन्सर वाचणारं फायफॉक्स हे मोफत ॲप (जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठात तयार झालेलं, २०१६ पासून उपलब्ध), बाहेरून जोडायचा डीएस१८बी२० हा स्टीलच्या टोकाचा तापमापक (पुढे याला प्रोब म्हटलं आहे), एचसी-एसआर०४ हा अंतर मोजणारा सेन्सर, आणि हे दोन्ही वाचून आकडे टॅबकडे पाठवणारा आर्डुइनो किंवा ईएसपी३२ हा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. तुमचं ॲप किंवा बोर्ड वेगळा असला तरी कारणं बहुतेक हीच निघतील.

आधी ओळखीचा आकडा घ्या

कोणतीही सेटिंग उघडण्याआधी सेन्सरला असं काहीतरी मोजायला द्या ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे. तापमापकासाठी वितळणारा बर्फ, ० अंश. प्रवेगाच्या सेन्सरसाठी टेबलावर स्वस्थ पडलेला टॅब, साधारण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग. चुंबकीय सेन्सरसाठी लोखंडापासून दूर, मैदानात धरलेला टॅब. महाराष्ट्रात एकूण क्षेत्र साधारण ४० ते ४५ मायक्रोटेस्ला यायला हवं. अंतराच्या सेन्सरसाठी मीटरपट्टी आणि भिंत.

ओळखीचा आकडा बरोबर आला तर सेन्सर ठीक आहे, चूक प्रयोगाच्या मांडणीत आहे. चुकला, पण दर वेळी तेवढाच चुकला, तर ती वजाबाकी करून घेता येते. दर वेळी वेगळा चुकला तर जोडणी बघायची. आणि आकडाच आला नाही तर तिथूनच सुरुवात करू.

आकडाच येत नाही

फायफॉक्स उघडल्यावर काही प्रयोगांची नावं फिकट राखाडी दिसतात. त्यांना हात लावला की कोणता सेन्सर नाही ते ॲपच सांगतं. स्वस्त टॅबमध्ये बऱ्याचदा फक्त प्रवेगाचा सेन्सर आणि माइक असतो. चुंबकीय सेन्सर, जायरोस्कोप (टॅब किती वेगाने फिरतो ते मोजणारा) आणि हवेचा दाब मोजणारा सेन्सर गाळलेले असतात. हा बिघाड नव्हे आणि ॲप पुन्हा टाकून तो सुटणारही नाही. आयपॅडची गोष्ट आणखी वेगळी. त्यात प्रकाशाचा सेन्सर असतो, पण ॲपना तो वाचायची मुभा नसते. त्यामुळे प्रकाशाचे प्रयोग करायचे असतील तर अँड्रॉइड टॅब घ्या किंवा बाहेरचा सेन्सर जोडा. खरेदी शाळेसाठी असेल तर दुकानात एका टॅबवर फायफॉक्स टाकून यादी बघा आणि मगच पैसे द्या.

एक सापळा इथे सांगायलाच हवा. 'थर्मामीटर' नावाची पुष्कळ ॲप खोलीचं तापमान दाखवतात, प्रत्यक्षात टॅबमध्ये तसा सेन्सरच नसतो. ती बॅटरीचं तापमान दाखवतात, नाहीतर इंटरनेटवरून शहराचं हवामान उचलतात. टॅब बर्फाच्या पिशवीजवळ नेऊनही आकडा ढिम्म हलत नसेल तर समजून घ्या.

ब्लूटूथने जोडायचा सेन्सर यादीत दिसत नाही, ही दुसरी नेहमीची अडचण. अँड्रॉइड ६ पासून ११ पर्यंतच्या टॅबमध्ये लो एनर्जी ब्लूटूथची (कमी वीज खाणाऱ्या नव्या प्रकारच्या ब्लूटूथची) उपकरणं शोधायला 'लोकेशन' चालू असावं लागतं. ब्लूटूथ चालू, सेन्सर चालू, सगळं जागच्या जागी, आणि यादी रिकामी! बॅटरी वाचवण्यासाठी कुणीतरी लोकेशन बंद केलेलं असतं, एवढंच. अँड्रॉइड १२ पासून यासाठी 'जवळची उपकरणं' अशी स्वतंत्र परवानगी आहे. ॲप पहिल्यांदा उघडताना मुलं घाईत 'नाही' दाबतात, आणि मग ती परवानगी सेटिंगमध्ये जाऊनच द्यावी लागते.

बोर्डवर एचसी-०५ हा जुना ब्लूटूथ मोड्यूल असेल तर तो फायफॉक्सला दिसणारच नाही, कारण फायफॉक्स फक्त लो एनर्जी ब्लूटूथशी बोलतं. आयपॅडशीही तो जुळत नाही. त्यासाठी अँड्रॉइडवर सिरियल टर्मिनल प्रकारचं, म्हणजे बोर्डकडून आलेले आकडे जसेच्या तसे दाखवणारं ॲप वापरा, किंवा सरळ ईएसपी३२ बोर्ड घ्या.

सहा गटांना एकाच प्रकारचे सहा बोर्ड दिले की आणखी एक गंमत होते. सगळ्यांचं नाव एकच. तिसऱ्या गटाचा टॅब पहिल्या गटाच्या सेन्सरला जोडला जातो, पहिल्या गटाला आपला सेन्सर यादीत सापडत नाही, आणि तिसरा गट गरम पाण्यात बुडवलेल्या प्रोबकडे बघत २७ अंश लिहून घेतो. बोर्डमध्ये प्रोग्रॅम टाकतानाच प्रत्येकाला वेगळं नाव द्या, गट १, गट २ असं, आणि तेच नाव चिकटपट्टीवर लिहून बोर्डवर लावा. हे काम एकदाच करावं लागतं आणि वर्षभर डोकं शांत राहतं.

तारेने जोडत असाल तर ओटीजी बघा, म्हणजे टॅबच्या यूएसबीला बाहेरचं उपकरण जोडू देणारी सोय. काही टॅबमध्ये ओटीजीचा खटका सेटिंगमध्ये असतो आणि थोडा वेळ काही वापर झाला नाही की तो आपोआप बंद होतो. मुलांना प्रयोग समजावून सांगेपर्यंत खटका बंद झालेला असतो. म्हणून आधी समजावून सांगा, तार नंतर जोडा. आणि केबल फक्त चार्जिंगची नाही ना, तेही तपासा. दिसायला दोन्ही सारख्याच असतात, पण चार्जिंगच्या केबलमध्ये माहिती वाहून नेणाऱ्या तारा नसतात. बोर्डवरचा दिवा लागतो आणि टॅबला मात्र बोर्ड दिसत नाही, ही तिची खूण.

ग्राफ मध्येच थांबतो

ॲप पडद्यावर नसताना सेन्सरची मोजणी थांबते. एखादं मूल मध्येच कॅमेरा उघडून प्रयोगाचा फोटो काढतं, परत येतं, आणि ग्राफमध्ये खिंडार पडलेलं असतं. अँड्रॉइड ९ पासून मागे गेलेल्या ॲपना माइक आणि सतत मोजणारे सेन्सर वाचताच येत नाहीत. फोटोसाठी दुसरा टॅब ठेवा. बॅटरी सेव्हर बंद करा आणि पडदा बंद होण्याची वेळ वाढवून ठेवा.

प्रकाशाचा ग्राफ थांबतो त्याचं कारण वेगळं आहे, आणि ते मुलांना जरूर सांगावं. अँड्रॉइडमधला प्रकाशाचा सेन्सर बदल झाला तरच आकडा पाठवतो. खोलीतला प्रकाश स्थिर असेल तर तो गप्प बसतो. मुलांना वाटतं ॲप अडकलं. सेन्सरवर बोट ठेवून उचला. ग्राफ लगेच खाली जाऊन वर आला तर सगळं ठीक आहे.

आता चुंबकाच्या तासाला हमखास येणारी हाक: "बाई, टॅब झोपला!" मुलगी चुंबक घेऊन टॅबच्या कडेकडेने सरकवते आहे, ग्राफ वर चढतो आहे, आणि अचानक पडदा काळा. चुंबक लांब नेला की पडदा परत उजळतो. बॅटरी चांगली भरलेली असते. झालेलं असं असतं की झाकणवाल्या कव्हरसाठी टॅबच्या कडेला एक छोटा चुंबक-ओळख्या सेन्सर बसवलेला असतो. कव्हर मिटलं की त्यातला चुंबक या सेन्सरसमोर येतो आणि पडदा बंद होतो. मुलीच्या हातातला चुंबक तिथे पोचला की टॅबला वाटतं कव्हर मिटलं. सेटिंगमध्ये कव्हरने पडदा बंद करण्याचा पर्याय सापडला तर तो बंद करा. नसेल तर चुंबक हळूहळू फिरवून ती जागा शोधा, तिथे लाल ठिपका चिकटवा आणि प्रयोग दुसऱ्या कडेने करा. ती जागा शोधणं हाच मुलांना मूळ प्रयोगाइतका रंजक प्रयोग वाटतो, त्याला वेळ द्या.

८५ आणि उणे १२७

डीएस१८बी२० वापरणाऱ्या प्रत्येकाला हे दोन आकडे कधी ना कधी भेटतात. आर्डुइनोवर उणे १२७ दिसलं तर बोर्डला प्रोब सापडत नाही. तार सुटली आहे, उलटी लावली आहे, किंवा माहितीची तार आणि वीजपुरवठ्याची तार यांच्यामध्ये लागणारा ४.७ किलोओहमचा रोधक नाही. बहुतेक प्रोबमध्ये लाल तार पुरवठ्याची, काळी ग्राउंडची आणि पिवळी माहितीची असते. पण रंगांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, पाकिटावरचा कागद बघा. तार उलटी लागली तर प्रोब चटका बसेल इतका तापतो. तसं झालं तर लगेच वीज काढा.

८५ म्हणजे प्रोब सापडला आहे, पण त्याने अजून मोजलेलंच नाही. वीज मिळताच या सेन्सरच्या स्मृतीत ८५ हा आकडा असतो, आणि पहिली मोजणी होईपर्यंत तोच राहतो. पूर्ण अचूकतेने मोजायला त्याला ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो. प्रोग्रॅमने त्याआधीच वाचलं तर ८५ येतो. तास सुरू होताना एकदाच आला तर तो आकडा खोडून पुढे जा. ग्राफमध्ये अधूनमधून ८५ चे सुळके उठत असतील तर पुरवठ्याची तार सैल आहे: ती सुटते, लागते, आणि प्रोब दर वेळी नव्याने जागा होतो. ब्रेडबोर्डवरची (तारा नुसत्या खोचायच्या भोकाभोकांच्या पाटीवरची) तार बोटाने हलवून बघा. गरम पाणी थंड होण्याचा प्रयोग असेल तर खरा ८५ सुद्धा येणारच. तो मात्र ८६ आणि ८४ च्या मधोमध, शहाण्यासारखा रांगेत येतो.

सहा गट, सहा तापमानं

इथे जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त वाद याच प्रयोगात होतात आणि शिकायलाही इथेच सगळ्यात जास्त मिळतं.

पहिली गोष्ट, डीएस१८बी२० चा आकडा खऱ्या तापमानापेक्षा अर्ध्या अंशाने इकडेतिकडे असू शकतो, असं तो बनवणारेच सांगतात. म्हणजे एकाच बादलीत बुडवलेल्या दोन प्रोबमध्ये एका अंशाचा फरक पडला तरी दोघेही निर्दोष. पडद्यावर दशांशानंतर चार आकडे दिसतात म्हणून मुलांना ते फार अचूक वाटतं. प्रोब ०.०६२५ अंशाचा बदल टिपतो हे खरं, पण तो बदल टिपणं आणि खरं तापमान सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सातवीतली मुलं हे समजून घेतात, फक्त सगळे प्रोब एकत्र बांधून एकाच बादलीत बुडवून दाखवायला हवं.

बर्फाची कसोटी करताना बर्फाचे खडे पाण्यात टाकून लगेच आकडा घेतला तर तो ३, ४ किंवा ५ सुद्धा येतो. बर्फ वर तरंगतो, आणि साधारण ४ अंशांचं पाणी सगळ्यात जड असल्याने तळाला बसतं. प्रोब तळाला टेकला की तेच मोजतो. बर्फ फडक्यात बांधून लाटण्याने चुरा, ग्लासभर चुऱ्यात तो जेमतेम भिजेल इतकंच पाणी घाला, ढवळा, प्रोब मधोमध धरा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. शून्याच्या खाली आकडा गेला तर भांडं बघा. आधीच्या तासाला त्यात मीठ-बर्फाचा प्रयोग झालेला असतो आणि भांडं नीट धुतलेलं नसतं.

उकळत्या पाण्याचं काम शिक्षकांनीच करायचं, मुलांनी लांबून टॅबवर बघायचं. आणि पुण्यात १०० आला नाही म्हणून प्रोबला दोष द्यायचा नाही. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो, त्यामुळे पुण्यात पाणी ९८ च्या आसपास उकळतं. महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर, तिथे ९५ ते ९६. मुंबईत किंवा रत्नागिरीत १०० मिळेल. तुमचं गाव किती उंचावर आहे ते मुलांना शोधायला सांगा आणि आकडा आधी वहीत लिहून ठेवायला सांगा, मग पाणी उकळा. आकडा जुळतो तेव्हा वर्गात जो गलका होतो तो ऐकण्यासारखा असतो.

आता ती गोष्ट, जी सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. खोलीचं तापमान मोजायचं आहे. पाच गटांचे आकडे ३१ च्या आसपास, सहाव्या गटाचा २७. बर्फाच्या कसोटीत त्यांचा प्रोब अगदी बरोबर निघाला होता. तार घट्ट, बोर्ड ठीक, टॅब ठीक. प्रोबजवळ जाऊन बघितलं तर स्टीलच्या टोकावर पाण्याचा एक थेंब लोंबतो आहे आणि वर पंखा गरगरतो आहे. गटाने प्रोब पाण्यातून काढून तसाच हवेत टांगला होता. पाण्याची वाफ होताना टोकाची उष्णता जाते, आणि प्रोब हवेपेक्षा थंड होतो. टोक कोरड्या फडक्याने पुसून पुन्हा टांगलं की आकडा हळूहळू चढत ३१ ला येतो. मातीच्या माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं तेच कारण इथे आहे. विदर्भात मे महिन्यात हा फरक खूप मोठा दिसेल, कोकणात ऐन पावसाळ्यात जवळजवळ दिसणारच नाही. मुद्दाम एक प्रोब ओला आणि एक कोरडा टांगला की हवेतली आर्द्रता मोजण्याचं साधन तयार होतं, म्हणून हा गोंधळ झालाच तर तास त्याच्याकडे वळवायला मी नेहमी सांगते.

घाई हे आणखी एक कारण. स्टीलच्या टोकाच्या प्रोबला पाण्यातला खरा आकडा गाठायला काही सेकंद ते अर्धा मिनिट जातं, हवेत कित्येक मिनिटं लागतात. 'ग्राफ आडवा झाला की लिहा' हा नियम फळ्यावर मोठ्या अक्षरांत असू द्या.

चुंबकाचे आणि प्रकाशाचे आकडे सूत्रात बसत नाहीत

वर्गातल्या बाकांचे पाय लोखंडी, टेबलाची चौकट लोखंडी, टॅबच्या कव्हरमध्ये चुंबक. अशा जागी बसून पृथ्वीचं क्षेत्र मोजलं तर ९० येईल नाहीतर २०. कव्हर काढा, टॅब लाकडी स्टुलावर किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा, आणि जमत असेल तर व्हरांड्यात या. तासाच्या सुरुवातीला टॅब हातात धरून हवेत इंग्रजी आठ काढल्यासारखा फिरवला की सेन्सर स्वतःला सावरून घेतो. पण जोरदार चुंबक जवळ असताना तो मध्येच सावरायला गेला तर आकडे उडी मारतात. ॲपमध्ये 'कॅलिब्रेटेड' असा पर्याय असेल तर चुंबकाच्या प्रयोगापुरता तो बंद ठेवा आणि चुंबक नसतानाचा आकडा स्वतः वजा करा.

लोखंडापासून लांब जाण्याचा हा आग्रह फार जुना आहे, आणि त्याची साक्ष आपल्याच किनाऱ्यावर उभी आहे. मुंबईत कुलाब्याला एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत होती. शहरात विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार असं ठरल्यावर त्या विजेने नोंदी बिघडतील हे ओळखून १९०४ साली अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा सुरू केली, आणि काही काळ दोन्ही ठिकाणी एकत्र मोजणी केली, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांची सांगड बसावी. हे काम कुलाबा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी केलं. अलिबागची इमारत बांधताना चुंबकीय नसलेला दगड वापरला. आज ती भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. रायगड जिल्ह्यातल्या शाळांनी ही गोष्ट वर्गात सांगावीच, आणि जुना सेन्सर काढून नवा लावताना दोन्ही काही दिवस शेजारीशेजारी ठेवण्याची मूस यांची पद्धत उचलावी.

आता सूत्राकडे. छोट्या चुंबकापासून, त्याच्या अक्षावरच, अंतर दुप्पट केलं की क्षेत्र एक अष्टमांश व्हायला हवं. बल्बपासून अंतर दुप्पट केलं की प्रकाश एक चतुर्थांश. मुलांचे आकडे यात बसत नाहीत, कारण ती टॅबच्या कडेपासून मोजतात. सेन्सर कडेला नसतो. चुंबकीय सेन्सरची जागा शोधायची तर एक बारीक चुंबक पडद्यावरून सावकाश फिरवा. जिथे आकडा सगळ्यात मोठा तिथे सेन्सर. खूण करा आणि तिथून पट्टी लावा.

बल्बचंही तसंच. समजा बल्बचा प्रकाश जिथून निघतो ती जागा झाकणाच्या कडेच्या ५ सेंटीमीटर आत आहे आणि मुलांनी कडेपासून मोजलं. त्यांचं २० म्हणजे खरं २५, त्यांचं ४० म्हणजे खरं ४५. प्रकाश चौपट कमी होण्याऐवजी जेमतेम सव्वातीन पट कमी होतो. वहीत 'नियम चुकीचा' असं लिहिण्याआधी पट्टीचं शून्य कुठे आहे ते बघा. खोलीतला मूळ प्रकाश बल्ब विझवून मोजा आणि प्रत्येक आकड्यातून वजा करा. आणि गणवेशाचा पांढरा शर्ट! आकडा वाचायला मूल टॅबवर ओणवं झालं की शर्टावरून परतलेला प्रकाश सेन्सरवर पडतो. शेवटी वाचणारा सगळ्यांत जास्त वाकत असेल तर लांबचे आकडे नेमके मोठे येतात. काळ्या कागदाची नळी करून सेन्सरवर उभी केली की हा प्रश्न मिटतो.

स्वस्थ पडलेला टॅब ९.९५ दाखवतो

प्रवेगाच्या सेन्सरचं हे छोटं काम आहे. टॅब पाठीवर ठेवून आकडा घ्या, मग पोटावर ठेवून घ्या. पहिल्यांदा ९.९५ आणि दुसऱ्यांदा उणे ९.६३ आला तर दोघांची बेरीज करून निम्मी करा: ०.१६ ही त्या टॅबची कायमची चूक. ती वजा केली की ९.७९ उरतं, आपल्या भागात तेवढंच यायला हवं. टेबल सपाट हवं, आणि मागे कॅमेऱ्याचा उंचवटा असेल तर खाली पुठ्ठा घाला. ती चूक टॅबच्या पाठीवर लिहून ठेवा.

आवाजाचा वेग १७५ येतो

फायफॉक्समधलं आवाजावर चालणारं स्टॉपवॉच घेऊन दोन टॅब ५ मीटरवर ठेवतात. एका टॅबजवळ टाळी, थोड्या वेळाने दुसऱ्याजवळ टाळी. पहिल्या टाळीने दोन्ही घड्याळं सुरू होतात, दुसरीने थांबतात, आणि दोन्ही वेळांतला फरक म्हणजे आवाजाला १० मीटर जायला लागलेला वेळ. ३० अंशांना तो २८ ते २९ मिलिसेकंद येतो आणि वेग साधारण ३५० मीटर प्रति सेकंद. १७५ च्या आसपास उत्तर आलं तर मुलांनी १० ऐवजी ५ ने हिशोब केला आहे. सेन्सरला हात लावू नका.

घड्याळ सुरू होताच थांबत असेल तर पहिल्याच टाळीचा प्रतिध्वनी त्याला दुसरी टाळी वाटतो आहे. 'किमान विलंब' वाढवा. लांबचं घड्याळ सुरूच होत नसेल तर आवाजाची मर्यादा खाली आणा आणि पंखा बंद करा. मुलांच्या टाळ्या कमजोर पडतात. स्टीलचं ताट वाजवू नका, ते नंतर घणघणत राहतं. टिपऱ्या घ्या, एकच कडक आवाज आणि लगेच शांतता.

अंतराचा सेन्सर वेड्यासारखे आकडे देतो

एचसी-एसआर०४ चाळीस हजार हर्ट्झचा, आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकतो. दोन गट समोरासमोर बसले की एकाचा आवाज दुसऱ्याला ऐकू जातो, आणि दोघांचेही आकडे उड्या मारतात. सगळ्या गटांनी तोंडं एकाच दिशेला करून बसायचं. २ सेंटीमीटरपेक्षा जवळचं त्याला मोजता येत नाही. स्वेटर, पडदा, दप्तर यांवरून आवाज परतत नाही. तिरक्या पुठ्ठ्यावरून तो भलतीकडेच जातो. सेन्सरला ५ व्होल्ट हवेत, ३.३ वर चालवला तर तो कधी चालतो, कधी नाही.

हे सगळं ठीक असूनही उन्हाळ्यात १०० सेंटीमीटरचे ९७ दिसत असतील तर प्रोग्रॅममध्ये आवाजाचा वेग ३४३ असा कायमचा लिहिलेला आहे. तो २० अंशांचा वेग. ३५ अंशांना आवाज ३५२ च्या वेगाने जातो, लवकर परततो, आणि अंतर कमी भासतं. तापमानाचा प्रोब त्याच बोर्डला जोडून वेग बदलता ठेवा; आठवीच्या मुलांना हा बदल स्वतः करता येतो.

खरोखरचा बिघाड

वरचं सगळं करूनही प्रोब उणे १२७ दाखवत असेल तर तार तुटलेली आहे, आणि ती बहुतेक ठरलेल्या दोन जागी तुटते: स्टीलच्या नळीच्या तोंडाशी, किंवा बोर्डकडच्या टोकाला. मुलं प्रोब तारेला धरून ओढतात, म्हणून. टॅबवर आकडा चालू ठेवून तार थोडी थोडी वाकवत न्या. जिथे वाकवल्यावर आकडा क्षणभर परत येतो तिथे तूट आहे. नळीच्या तोंडाशी असेल तर तो प्रोब टाकून द्यावा लागतो. बोर्डकडच्या टोकाला असेल तर तेवढा तुकडा कापून, तिन्ही तारा सोलून पुन्हा सोल्डर करा. प्रत्येक तारेवर वेगळी श्रिंक नळी (गरम केल्यावर आवळून बसणारी) आधीच सरकवून ठेवा, सोल्डर झाल्यावर ती चढत नाही. नुसती चिकटपट्टी लावली तर ओल्या हातांनी दोन तासांत सुटते आणि तारा एकमेकींना टेकतात.